तलावांच्या मुलखातली महाविद्यालयं

1959 साली जोधपूरला ‘काझरी’ सुरू झाली. केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था हे तिचं पूर्ण नाव. त्याआधी 1952 पासून तिथं वाळवंटात झाडं लावण्याचं एक छोटं केंद्र होतं. युनेस्कोतर्फे आलेले ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ सी. एस. ख्रिश्चन यांच्या सल्ल्यानं त्याची मोठी संस्था झाली. थरचा अभ्यास थरमध्येच बसून करायचा, हे त्यातलं महत्त्वाचं. सरकते टिब्बे गवत-झुडपांनी कसे रोखायचे, खेजडीच्या सावलीत बाजरी कशी येते, असले प्रश्न तिथं हाताळले गेले. ईश्वर प्रकाश यांनी तर वाळवंटातल्या उंदरांवर आयुष्य वेचलं. त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले एस. एम. मोहनोत आसपासच्या वानरांच्या टोळ्या वर्षानुवर्षं पाहत राहिले. टोळीचा नर बदलला की नवा नर तान्ही पिल्लं मारतो, याबद्दलची त्यांची नोंद 1971 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे जर्मनीतले संशोधक जोधपूरला येऊन काम करू लागले. एका प्रादेशिक विद्यापीठातल्या माणसानं एक जागा धरून ठेवली, म्हणून हे घडलं.

आमगावात बसून वाळवंटाची ही गोष्ट आठवायचं कारण आहे. गोंदियाच्या पूर्वेला, हावडा मार्गावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती भाताच्या बांध्या, उत्तरेला वाघ नदी आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. पाऊस भरपूर. वाळवंटाशी याचा काही संबंध नाही. पण ‘इथल्या परिसंस्थेचा अभ्यास इथल्या महाविद्यालयांनी कसा करावा आणि त्यासाठी त्यांची ताकद कशी वाढवावी’ हा प्रश्न जैसलमेर-बाडमेरच्या कॉलेजांपुढे जसा आहे तसाच आमगावच्या भवभूती महाविद्यालयापुढे, गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयापुढे आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या लहान-मोठ्या कॉलेजांपुढेही आहे. फरक इतकाच की वाळवंटाला काझरी मिळाली. इथल्या झाडीपट्टीतल्या भाताला साकोली आणि सिंदेवाहीची संशोधन केंद्रं मिळाली. तलावांसाठी तसं कुणी काही उभारलं नाही. तेव्हा हे काम करायचं तर कॉलेजांनीच करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तलाव किती आहेत याचा अंदाज बाहेरच्या माणसाला सहज येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सरकारी भाषेतले ‘मामा तलाव’, साडेसहा हजारांहून अधिक आहेत. बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्या; त्यांची तर मोजदाद करणंच अवघड. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं यातले कितीतरी तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असं राजाचं वचन होतं, असं परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांचा. ब्रिटिशांनी 1908 मध्ये भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, तेव्हाही तलाव ही या मुलखाची ओळख होती. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ दुरुस्त करायची, सांडवा मोकळा ठेवायचा, पाणी कुणाला आधी द्यायचं हे ठरवणारी गावची जुनी घडी विस्कटली. तलाव सिंचन खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा झाला, मासे सहकारी संस्थेच्या ठेक्याचे झाले आणि बाकी जे काही तलावात होतं त्याला धनी उरला नाही. ते म्हणजे देवधान, कमळ, पाणवनस्पती, दाडक, बोटरी, मरळ यांसारखे देशी मासे, बदकं आणि सारस.

कायद्यातही ही जागा रिकामीच आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनी पाणथळ जागेची व्याख्या करताना सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले, म्हणजे व्याख्येनुसार ते बाहेर. तीनशे वर्षांत त्यांच्यात एक पूर्ण जीवसृष्टी वसली, हे व्याख्येत मावलं नाही. सोलापूरच्या माळरानाचंही असंच झालं. बी. एस. कुलकर्णींनी सत्तरच्या दशकात नान्नजचा माळढोक लोकांसमोर आणला, 1979 मध्ये अभयारण्य झालं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी ऐंशीच्या दशकात तिथं अभ्यास केला. पण महसुली नोंदीत माळरान ‘पडीक’च राहिलं. आधी 8,496 चौरस किलोमीटरचं जाहीर झालेलं अभयारण्य पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. आज नान्नजला एखाददुसरा माळढोक दिसला तरी बातमी होते. अलीकडे अबी तमीम वनक आणि एम. डी. मधुसूदन यांनी देशातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा काढला, तेव्हा पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीतली किती जमीन खरं तर जिवंत गवताळ प्रदेश आहे, हे दिसलं. इतका उशीर का झाला? माळरानाजवळच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी असत्या, तर ‘पडीक’ या शिक्क्याविरुद्ध काही पुरावा तरी हाताशी असता.

मारुती चितमपल्लींचा जन्म सोलापूरचा, 5 नोव्हेंबर 1932 चा. आणि वनाधिकारी म्हणून त्यांचा बहराचा काळ गेला नवेगावबांधला. माळरानातून आलेला हा माणूस तलावाच्या काठी रमला आणि पक्ष्यांची स्थानिक नावं, सवयी, वेळा त्यांनी माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावकऱ्यांकडून वेचल्या. त्यांचा आणि सालिम अलींचा जन्मदिवस जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात कॉलेजांत भाषणं होतात, पोस्टर लागतात. पण नवेगावच्या तलावात 1980 मध्ये काय होतं आणि आज काय आहे, हे शेजारी शेजारी ठेवून सांगायचं म्हटलं तर चितमपल्लींच्या पुस्तकांपलीकडे आपल्या हाती फारसं काही लागत नाही.

आधी काय काय झालं आहे ते पाहू. 1989 मध्ये पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे प्रकाश गोळे यांनी भारतातल्या सारसांची स्थिती आणि गरजा यांवर अहवाल लिहिला. ती सोसायटी त्यांनीच 1982 मध्ये स्थापन केलेली. उत्तर प्रदेशात मैनपुरी-इटाव्याच्या भातशेतीतल्या सारसांवर के. एस. गोपी सुंदर यांनी दीर्घकाळ काम केलं आणि शेतकऱ्यांच्या शेतातही हा पक्षी टिकू शकतो, हे आकड्यांनी दाखवलं. गोंदियात ‘सेवा’ ही संस्था दर उन्हाळ्याच्या शेवटी, जूनमध्ये, गावोगावच्या सारसमित्रांना घेऊन पहाटे गणना करते. परसवाड्याच्या तलावासारखी ठिकाणं, नदीकाठ, शेतं असं सगळं ते पालथं घालतात. महाराष्ट्रातले सारस जवळजवळ सगळे या जिल्ह्यात, थोडे भंडाऱ्यात. आणि आकडा गेली काही वर्षं तीसच्या आसपास घुटमळतो आहे. वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूरसाठी सारस संवर्धन समित्या झाल्या. विजेच्या तारा, कीटकनाशकं, तलावाच्या पोटातली अतिक्रमणं हे विषय पहिल्यांदा सरकारी टेबलावर आले.

अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचं काम आहे. हे मी या आढाव्यातलं सर्वात मोलाचं मानतो, कारण तिथं अभ्यास आणि दुरुस्ती एकाच माणसांच्या हातून झाली. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या लोकांना विचारायचं की पूर्वी या तलावात कोणकोणते मासे होते, कोणती झाडं होती, ती झाडं कुठल्या माशाला अंडी घालायला लागतात. पाणी आटल्यावर उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरायचं, बेशरमीची माजलेली झुडपं मुळासकट उपटायची, पावसाच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, निम्फॉइडिस यांची रोपं दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून लावायची. रोहू-कतला-मृगळ सोडण्याचा अट्टहास कमी करायचा. पातिराम तुमसरे यांच्यासारख्या ढीवर जाणकारांचं ज्ञान आणि बायकांचे गट हा या कामाचा कणा. काही तलावांत देशी मासे परतले, पक्षी परतले. हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जीवशास्त्राच्या पदवीचं पुस्तक उघडलेलंही नाही.

आणि कॉलेजं? त्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत विदर्भातल्या तलावांवर पीएच.डी. आणि एम.फिल.चे प्रबंध भरपूर झाले आहेत. त्यांचा ओळखीचा साचा असा: अमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म, बारा महिने, महिन्यातून एकदा, पीएच, विद्युतवाहकता, क्लोराइड, कठीणपणा, विरघळलेला प्राणवायू, एक तक्ता, तीन आलेख, निष्कर्ष ‘पाणी पिण्यास अयोग्य, सिंचनास योग्य’. प्रबंध मंजूर झाला की तलाव सुटला. पुढचा विद्यार्थी दुसऱ्या तलावावर, वेगळ्या पद्धतीनं, पुन्हा बारा महिने. 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची मोजणी आणली, तेव्हा हेच तक्ते तुकड्यातुकड्यानं कसल्याही नियतकालिकांत छापले जाऊ लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाला मग ‘केअर’ यादी काढावी लागली, आणि 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. मूळ नोंदवह्या मात्र मार्गदर्शकाच्या कपाटात, निवृत्तीनंतर रद्दीत. एखाद्या तलावाचा प्राणवायू वीस वर्षांत वाढला की घटला, हे सांगायला नोंदींचा एकूण साठा पुरेसा असूनही तो जोडता येत नाही.

यातला एक तपशील जवळून पाहिला तर गडबड कुठं आहे ते कळतं. विरघळलेला प्राणवायू मोजायची पद्धत लुडविग विंकलर यांनी 1888 मध्ये शोधली; आजही विद्यार्थी तीच शिकतात. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बाटली हलवली की तपकिरी साका बसतो. प्राणवायू जितका जास्त, तितका साका गडद. पांढरा राहिला तर पाण्यात जवळजवळ काहीच नाही. मग आम्ल घालून प्रयोगशाळेत थायोसल्फेटनं मोजायचं, स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला उडतो तो आकडा. पद्धत स्वस्त आणि भरवशाची. पण कॉलेजच्या वेळापत्रकात नमुना घ्यायचा म्हटलं की तलावावर पोचायला अकरा वाजतात. तोपर्यंत ऊन चढलेलं असतं, शेवाळ आणि पाणवनस्पतींनी प्राणवायू सोडायला सुरुवात केलेली असते, आणि आकडा छान येतो. माशांचा जीव मात्र पहाटे, सूर्योदयाच्या आधी घुसमटतो. रात्रभर सगळी जीवसृष्टी श्वास घेते आणि बनवत काहीच नाही. शेणखत-युरियानं भरलेल्या तलावात ऑगस्टच्या पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येतात, हे ढीवर सांगतात. प्रबंधातला अकराचा आकडा त्याच तलावाला निरोगी ठरवतो. एकाच दिवशी पहाटे पाचला आणि दुपारी दोनला अशा दोन बाटल्या भरल्या तर बारा महिन्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त कळेल. त्यासाठी काय लागतं? तलावाजवळच्या गावात राहणारा विद्यार्थी. आमगावच्या कॉलेजात रोज सायकलनं, एसटीनं येणारी अर्धीअधिक मुलं अशीच आहेत. डेहराडूनहून येणाऱ्या संशोधकाला पहाटे पाचला तिथं असायला जीप, परवानगी आणि मुक्काम लागतो. या मुलांचा तलाव घरासमोर आहे.

पाणी किती गढूळ आहे, हे मोजायचं साधन तर आणखी साधं. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञानं 1865 मध्ये जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. आजची तबकडी वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची. गावचा लोहार पत्र्याची करून देईल, दोरीला गाठी मारल्या की झालं. ती दरवेळी एकाच ठिकाणी, एकाच वेळी सोडायची आणि वहीत तारीख लिहायची. यंत्रं नाहीत म्हणून संशोधन होत नाही, हे मला पटत नाही ते यामुळे. लाखोंचा स्पेक्ट्रोफोटोमीटर कपाटात आणि रसायनांना पैसे नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे.

अभ्यासक्रमात जागा आहे का? आहे, आणि ती आधीपासूनच आहे. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं केलं, त्यानुसार आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांना एक अभ्यासक्रम दिला आणि पुण्याच्या एरच भरुचांनी त्याचं पुस्तक लिहिलं. पन्नास तासांच्या त्या अभ्यासक्रमात पाच तास क्षेत्रकार्याचे होते. तळं, नदी, टेकडीचा उतार अशा साध्या परिसंस्थेचा अभ्यास करा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. वीसहून अधिक वर्षं महाराष्ट्रातली लाखो मुलं हा विषय उत्तीर्ण झाली. क्षेत्रकार्याच्या नावाखाली बहुतेकांनी एकमेकांच्या वहीतून उतरवलेला प्रकल्प दिला. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून आयोगानं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं, तेव्हा मोकळे झालेले तास तलावावर नेता आले असते. ते बऱ्याच ठिकाणी संगणकावरच्या बेडकात गेले. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक आले आहेत, चौथ्या वर्षी संशोधनाची वाट आहे. ही संधी पाच तासांपेक्षा कितीतरी मोठी आहे. ती दुकानात किंवा पतसंस्थेत बसून प्रमाणपत्र आणण्यात वाया जाऊ नये, एवढी काळजी प्राचार्यांनी घ्यायला हवी.

इथं एक जुना प्रयोग आठवतो. नव्वदच्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट जैवविविधता जाळं उभं केलं. सह्याद्रीच्या लांबीभर पदवी कॉलेजांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना त्यांनी एकच पद्धत शिकवली. एकाच आकाराचे पट्टे, एकाच प्रकारे झाडं, पक्षी, फुलपाखरं, पाण्यातले किडे मोजायचे. आणि लहान गावातल्या कॉलेजातल्या माणसानं भरलेला तक्ता बंगळुरूत वापरता येईल, अशी व्यवस्था केली. मोठ्या शोधापेक्षा मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. पुढे 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या, त्यांचीही कल्पना गाडगीळांचीच. महाराष्ट्र जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर नागपूरला आहे, आमगावहून एका रेल्वेप्रवासावर. पण हरित लवादानं 2020 च्या जानेवारीची मुदत घातली तेव्हा त्या नोंदवह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. कितीतरी ठिकाणी एका गावाची यादी दुसऱ्या गावाला चिकटवली गेली. त्या तपासून, त्यात तलावाचं पान खरं भरून द्यायचं काम कॉलेजाचं आहे, आणि कायद्यानं तांत्रिक साहाय्याची सोयही ठेवली आहे.

विज्ञान शाखेवरच हे सगळं टाकू नये. आमच्याकडच्या कॉलेजांत कला शाखेची मुलं मोठ्या संख्येनं आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तहसीलच्या अभिलेखात ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि निस्तारपत्रकं मिळतील; तलावाचं पाणी कोणी, कोणत्या क्रमानं घ्यायचं, गाळ कोणी काढायचा, शिंगाडा कोणाचा, याच्या तिथं गाववार नोंदी आहेत. त्या कुणी गोळा केल्या तर सारस समितीपासून सिंचन खात्यापर्यंत सगळ्यांना उपयोगी पडतील. मराठीच्या विद्यार्थ्यानं ढीवरांकडून मासे-वनस्पतींची झाडीबोलीतली नावं गोळा करावीत, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी घातलेला पाया तयार आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मत्स्य सहकारी संस्थेचा ठेका आणि देशी माशांची बाजारातली किंमत यांचा हिशेब मांडू शकतो. भूगोलाला उपग्रहचित्रं फुकट मिळतात. आमगावजवळचं पदमपूर हेच संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर, हे वा. वि. मिराशींनी मांडलं ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक म्हणूनच. त्यांच्यामागे कुठली मोठी संशोधन संस्था नव्हती.

अडचणी कोणत्या, हेही स्पष्ट लिहिलं पाहिजे. पहिली अडचण माणसांची. अनुदानित कॉलेजांत निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि विभाग तासिका तत्त्वावरच्या तरुणांवर चालतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू की नाही हे ठाऊक नाही, तो दहा वर्षांची नोंदवही कशी सुरू करणार? यावर कार्यशाळा हा उपाय नव्हे. जागा भरा, हाच उपाय आहे. तोपर्यंत नोंदवही विभागाची असावी, व्यक्तीची नसावी. ग्रंथालयात दाखल क्रमांक पडलेली, माणूस बदलला तरी जागेवर राहणारी. दुसरी अडचण पैशाची. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प आटले, आणि लहान कॉलेजाच्या प्राध्यापकाला मिळेल असा निधीचा तो एकच दरवाजा होता. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना चांगली आहे. 2023 च्या कायद्यानं आलेलं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानही आहे. पण त्यांचे अर्ज भरायचे तर आधी काही करून दाखवलेलं असावं लागतं. तिसरी अडचण परवानगीची. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या आत काही करायचं तर वन्यजीव विभागाची मंजुरी हवी आणि ती यायला विद्यार्थ्याचं वर्ष उलटतं. म्हणून सुरुवात संरक्षित क्षेत्राबाहेरच्या, जिल्हा परिषदेच्या तलावांपासून करावी. सारसही तिथंच आहेत.

सुरुवात कितीशी? आमगाव, सालेकसा, गोंदिया, गोरेगाव या तालुक्यांतल्या कॉलेजांनी मिळून चार-पाच तलाव निवडावेत, त्यांतला एक बेशरमीनं भरलेला, एक चांगला, एक नुकताच यंत्रानं गाळ काढलेला. यंत्रानं काढलेल्या गाळाबद्दल मला स्वतःला फार चिंता आहे. गाळमुक्त धरण योजनेत पोकलेन तलावाच्या पोटात उतरतं, तळ एकसारखा सपाट खोल करतं, आणि काठाचा उथळ उतार, जिथं देवधान उगवतं आणि सारस घरटं रचतो, तो नाहीसा होतो. पाणी वाढतं, आणि तलावातलं जगणं कमी होतं, अशी माझी भीती आहे. ती खरी की खोटी, हे गाळ काढण्याआधीच्या आणि नंतरच्या वनस्पतींच्या पट्ट्यांवरूनच ठरेल. आणि आधीचा पट्टा आजच टाकायला हवा, कारण यंत्र उन्हाळ्यात येईल.

पक्ष्यांसाठी फार काही नवं शोधायला नको. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालते, फेब्रुवारीत कॅम्पसवरची पक्षीगणना असते. ई-बर्डवर यादी टाकली की ती ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’सारख्या अहवालापर्यंत पोचते. गोंदियाच्या लहान तलावांवरून तिथं पोचणाऱ्या याद्या वाढायला हव्यात. सारसाच्या घरट्याचं काम मात्र ‘सेवा’ संस्थेबरोबरच करावं. जुलै ते सप्टेंबर हा विणीचा काळ. भाताच्या बांधीत किंवा उथळ पाण्यात गवताचा ढीग, त्यात बहुधा दोन अंडी, आणि महिनाभर नर-मादीची पाळी. गर्दी झाली की घरटं सुटतं. विद्यार्थ्यानं लांबून, शेताच्या मालकाला विचारून, त्याच धुऱ्यावरून दर आठवड्याला एक नोंद करावी: पाण्याची पातळी किती, फवारणी झाली का, तार कुठून जाते, पिल्लू कधी दिसलं. न्यायालयासमोर आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर शेवटी हेच विचारलं जातं, की कोणत्या तारेखाली, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात.

गडचिरोलीत मेंढा-लेखाला ‘अभ्यास गट’ होते. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एखादा प्रश्न घेऊन बसत, बाहेरच्या जाणकारालाही बोलावत आणि गावाचा निर्णय त्या अभ्यासावर उभा राही. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातलं पहिलं गाव ठरलं, यामागे ही सवय होती. आमगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात ढीवर संस्था, पाणीवापर करणारे शेतकरी आणि कॉलेजातली चार मुलं असा गट बसवणं अवघड नाही. फक्त कॉलेजानं आपण शिकवायला आलो नाही, शिकायला आलो, हे वागण्यातून दाखवावं. राजनकरांच्या कामाचा अनुभव हाच आहे.

पाऊस, परवानगी, निधी यांतलं काहीच ज्याला लागत नाही, असं एक काम आधी उरकता येईल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर ज्यांनी प्रबंध लिहिले, त्यांतले बरेच प्राध्यापक आज निवृत्त आहेत आणि याच गावांत राहतात. त्यांच्याकडे मूळ नोंदवह्या असतील: नमुना नेमका कुठून घेतला, किती वाजता, त्या दिवशी तलावात काय दिसलं. प्रत्येक कॉलेजानं आपल्या निवृत्त गुरुजनांकडे दोन विद्यार्थी पाठवावेत, त्या वह्यांची पानं मोबाईलवर नीट स्कॅन करून घ्यावीत, तलावाचं नाव, गाव, वर्ष लिहून ग्रंथालयात ठेवावीत आणि एक प्रत नागपूरच्या जैवविविधता मंडळाला द्यावी. या सत्रात सुरुवात केली तर दिवाळीच्या सुटीपर्यंत एका तालुक्याचं काम पुरं होतं.